मागे न गेलेला कर्नल

एक प्रार्थनेचं पुस्तक, एक सोन्याची साखळी, एक अंगठी आणि एक फाउंटन पेन.

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानातल्या सियालकोट भागात भारत-पाक युद्ध ऐन भरात होतं. तिथे बेचाळीस वर्षांच्या एका लेफ्टनंट कर्नलने आपल्या हाताखालच्या मेजरला या चार वस्तूंची वाटणी सांगून ठेवली. आपण परतलो नाही तर पुस्तक आईला द्यायचं, साखळी बायकोला, अंगठी मुलीला आणि पेन मुलाला. मुलाने सैन्यात जावं, असा निरोपही सोबत होता. आणि शेवटची इच्छा अशी, की आपला अग्निसंस्कार इथेच, लढाईच्या जागी व्हावा.

हे सांगणारा अधिकारी पारशी होता. पारशी धर्मात अग्नी इतका पवित्र मानतात, की परंपरेने त्यात मृतदेह देत नाहीत. तरीही त्यांनी आपल्यासाठी रणभूमीवरची चिता मागितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या माणसांना ती पेटवावी लागली.

या अधिकाऱ्याचं नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्जोरजी तारापोर. मित्रमंडळींत ‘आदी’. १९६५ च्या युद्धात दोघांना परमवीर चक्र मिळालं. एक होते अब्दुल हमीद, ज्यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. दुसरे तारापोर. आजवर परमवीर चक्र मिळालेल्यांमध्ये हुद्द्याने सगळ्यांत वरिष्ठ तेच. त्यांचं शालेय शिक्षण पुण्यात झालं आणि ते ज्या रेजिमेंटचे प्रमुख होते तिच्या नावातच पुणं आहे. तरी कॉलेजच्या कट्ट्यावर त्यांचं नाव विचारलं, तर किती जण सांगू शकतील?

मुंबईत जन्म, पुण्यात शाळा

१८ ऑगस्ट १९२३ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. आडनावामागची गोष्ट घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांच्या पराक्रमाबद्दल महाराजांनी गावं इनाम दिली, त्यातलं मुख्य गाव तारापूर आणि त्यावरून घराणं तारापोर झालं. पुढे आजोबांनी हैदराबाद गाठलं आणि निजामाच्या सरकारात नोकरी धरली. वडीलही तिथेच नोकरीला होते. फारसी आणि उर्दूचे ते चांगले जाणकार. म्हणजे घर पुस्तकांचं होतं, तलवारीचं नव्हे.

आदी सहा वर्षांचे असतानाचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी येतो. घरची गाय दावं तोडून सुटली आणि थेट त्यांच्या बहिणीच्या अंगावर धावली. हा पोरगा मध्ये उभा राहिला आणि त्याने गायीच्या नाकावर फटका हाणला. मोठ्या माणसांच्या लहानपणच्या अशा गोष्टी पुढे जरा रंगवून सांगितल्या जातात, हे खरं. पण ही लक्षात ठेवा. कारण कोणी पळण्याच्या क्षणी हा माणूस मध्ये उभा राहिला, असं या आयुष्यात पुन्हा पुन्हा होणार आहे.

सातव्या वर्षी त्यांना पुण्याला, कॅम्पातल्या सरदार दस्तूर शाळेत पाठवण्यात आलं. तिथे ते बोर्डिंगमध्ये राहिले. अभ्यासात फार चमकले असं नाही. पण बॉक्सिंग, पोहणं, टेनिस, क्रिकेट या सगळ्यांत पुढे, आणि शाळेचे कॅप्टनही झाले. १९४० मध्ये मॅट्रिक झाले. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात अर्ज केला. १ जानेवारी १९४२ ला ते सेकंड लेफ्टनंट म्हणून सातव्या हैदराबाद इन्फन्ट्रीत रुजू झाले.

हातबॉम्ब आणि बदली

इथे पहिली अडचण. त्यांना जायचं होतं चिलखती दलात आणि मिळालं पायदळ. पहिल्या पसंतीचा कॉलेज किंवा ब्रँच न मिळालेल्यांना ही चुटपुट कळेल! पण ते कुरकुरत बसले नाहीत. आणि एक दिवस असा आला, की बदली आपोआपच चालून आली.

हातबॉम्ब फेकण्याचा सराव सुरू होता. एका नवख्या जवानाच्या हातून बॉम्ब नीट फेकला गेला नाही. पिन निघालेला, जिवंत बॉम्ब सरावाच्या खड्ड्यातच पडला. अशा वेळी हातात असतात फक्त काही सेकंद. तारापोर आत उडी मारून गेले, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला. त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले, पण जवान वाचला आणि तेही वाचले.

हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस हे सगळं पाहत होते. तारापोर बरे झाल्यावर त्यांनी बोलावून शाबासकी दिली. तारापोरांनी ती संधी साधली आणि चिलखती दलात बदली मागितली. जनरलनी ती मान्य केली. अशा रीतीने ते पहिल्या हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये आले. या पलटणीबरोबर ते महायुद्धाच्या काळात पश्चिम आशियातही जाऊन आले.

निजामाच्या फौजेतून पूना हॉर्समध्ये

मग आलं १९४८. सप्टेंबरमध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. मराठवाड्यातल्या वाचकांना या तारखेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तो हाच.

आता जरा तारापोरांच्या बाजूने विचार करा. पंचविशीतला अधिकारी. ज्या फौजेचं मीठ खाल्लं ती फौजच राहिली नाही. ज्या झेंड्याला सलाम ठोकला तो उतरला. संस्थानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना पुढे भारतीय सैन्यात सरसकट घेतलं नाही, त्यांची निवड झाली. तारापोर निवडले गेले आणि १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले. ज्यांच्याबरोबर घडले ते सोबती मागे राहिले होते. इथे सगळं नव्याने मिळवायचं होतं.

पूना हॉर्स म्हणजे साधीसुधी पलटण नव्हे. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या पुणे करारानंतर हे घोडदळ उभं राहिलं. खर्च पेशव्यांचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा तो मामला होता. पुढे या रेजिमेंटने दीडशे वर्षांत इराणपासून युरोपपर्यंत लढाया पाहिल्या. घोडे गेले, रणगाडे आले, पण नावात ‘हॉर्स’ कायम राहिलं. इराणमध्ये १८५७ मध्ये झालेल्या खुशाबच्या लढाईचा या पलटणीला विशेष अभिमान. तारापोरांच्या स्वतःच्या रणगाड्याचं नावही ‘खुशाब’ होतं.

भारताने ब्रिटनकडून सेंच्युरियन रणगाडे घेतले तेव्हा त्यांचं प्रशिक्षण घ्यायला तारापोर इंग्लंडला गेले. परत येऊन त्यांनी ते आपल्या माणसांना शिकवलं. १९६५ मध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा रेजिमेंटची सूत्रं त्यांच्याच हाती होती.

रणगाडा लढतो कसा?

पुढचे सहा दिवस समजायचे असतील तर रणगाड्याच्या आत डोकावायला हवं. सेंच्युरियनचं वजन सुमारे पन्नास टन. आत चार माणसं. चालक, तोफ डागणारा गनर, गोळे भरणारा लोडर आणि कमांडर. जागा अगदी कोंदट, आवाज कानठळ्या बसवणारा, सप्टेंबरचा उकाडा वेगळाच. सगळी झाकणं लावून घेतली तर बाहेरचं दिसतं ते छोट्या भिंगांतून, तेवढंच. शत्रू कुठून येतोय ते पाहायचं असेल तर कमांडरला वरच्या झाकणातून डोकं आणि खांदे बाहेर काढून उभं राहावं लागतं. म्हणजे पन्नास टनांचं पोलाद ज्याच्या रक्षणासाठी आहे, तोच माणूस अर्धा उघड्यावर!

अशा सुमारे पंचेचाळीस रणगाड्यांची एक रेजिमेंट. तिचा प्रमुख वायरलेसवर सगळ्यांशी बोलणार, नकाशा पाहणार, शत्रूचा अंदाज घेणार आणि शिवाय स्वतःचा रणगाडाही लढवणार. त्याने मागे सुरक्षित जागी राहून हुकूम दिले तर कोणी बोट दाखवत नाही. तारापोर मात्र पुढे असत, झाकणाबाहेर उभे. माणसांना आपला साहेब दिसत असे.

समोर होते अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले पॅटन. त्या काळात पॅटनचा मोठा दबदबा होता. सेंच्युरियन त्यामानाने जुना, संथ, पण दणकट. आणि त्याची तोफ नीट शिकलेल्या गनरच्या हातात असली तर नेम चुकत नसे. ‘नीट शिकलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. ते काम शांततेच्या वर्षांत, मैदानावर, कोणी पाहत नसताना करायचं असतं.

सहा दिवस

१९६५ चं युद्ध काश्मीरमधल्या घुसखोरीने सुरू झालं. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब-अखनूर भागात रणगाडे घातले. काश्मीरला जोडणारा रस्ताच तुटण्याची वेळ आली. तो दाब कमी करायचा तर पाकिस्तानला दुसरीकडे गुंतवणं भाग होतं. ६ सप्टेंबरला भारताने लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. मग सियालकोट भागात भारताची पहिली आर्मर्ड डिव्हिजन उतरली. पूना हॉर्स या डिव्हिजनमध्ये होती.

८ सप्टेंबरला आत शिरलेल्या भारतीय तुकड्यांना कडवा विरोध झाला आणि मुसंडी थबकली. दोन दिवस जुळवाजुळवीत गेले. नंतर ठरलं, की आधी फिल्लोरा घ्यायचं. फिल्लोरा म्हणजे रस्त्यांचा नाका, आणि त्याच्या पुढे रेल्वेमार्गावरचं चविंडा. ते हातात आलं की सियालकोटकडे जाणारी वाट मोकळी होणार होती.

११ सप्टेंबरला मुख्य धडक मारायचं काम पूना हॉर्सकडे आलं. तारापोरांचा बेत होता फिल्लोरा आणि चविंडा यांच्या मधून घुसून मागच्या बाजूने चाल करायचा. पण वाटेतच वजीरवालीच्या दिशेने पाकिस्तानी रणगाडे त्यांच्यावर तुटून पडले. तारापोर रेजिमेंटच्या अग्रभागी होते. त्यांनी तो हल्ला थोपवून धरला आणि एक स्क्वॉड्रन व पायदळ घेऊन फिल्लोऱ्यावर चाल केली. रणगाड्यांच्या आणि तोफखान्याच्या माऱ्यात ते जखमी झाले. दंडाला मार बसला. त्याच दिवशी फिल्लोरा भारताच्या हाती आलं.

इथे ते मागे जाऊ शकले असते. जखमी अधिकाऱ्याला उपचारासाठी पाठवणं हा नियमच असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उरलेलं युद्ध इस्पितळात काढून ते मानाने घरी परतले असते. त्यांनी नकार दिला.

हा नकार एकदाच द्यायचा नव्हता, हे लक्षात घ्या. हातबॉम्ब उचलायला तीन सेकंद लागतात. तिथे विचार करायला वेळच नसतो. पण जखमी हाताने रोज सकाळी उठून पुन्हा रणगाड्यावर चढायचं, म्हणजे रोज नव्याने निर्णय घ्यायचा. १२ ला, १३ ला, १४ ला, १५ ला. झोप नाही, जखम ठणकतेय, आणि मागे जायचा रस्ता उघडा आहे. या पाच दिवसांत त्यांचं धाडस जास्त दिसतं असं मला वाटतं.

१४ सप्टेंबरला त्यांनी रेजिमेंट पुन्हा पुढे नेली आणि वजीरवाली घेतलं. चविंडा मात्र पडत नव्हतं. पाकिस्ताननेही तिथे आपलं बळ एकवटलं होतं. दोन्ही बाजूंचे शेकडो रणगाडे या पट्ट्यात एकमेकांसमोर होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सगळ्यांत मोठ्या रणगाडा-लढायांमध्ये ही गणली जाते.

बुतूर डोगरांडी

१६ सप्टेंबरचा बेत चविंड्याला वळसा घालण्याचा होता. जस्सोरां आणि बुतूर डोगरांडी ही दोन गावं घेऊन धरून ठेवायची, म्हणजे पायदळाला चविंड्यावर मागच्या बाजूने हल्ला करता येईल. तारापोरांनी रेजिमेंट नेली. दोन्ही गावं घेतली गेली. पण घेणं एक आणि टिकवणं दुसरं. पाकिस्तानी तोफखाना या ठिकाणांवर आग ओकत राहिला. तारापोरांच्या ‘खुशाब’वर अनेक गोळे बसले. ते जागा सोडून हलले नाहीत. त्याच दिवशीच्या गोळामारीत त्यांना मृत्यूने गाठलं.

बुतूर डोगरांडीत त्यांच्या साथीला आठवी गढवाल रायफल्स होती. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही त्याच दिवशी कामी आले. त्यांची जागा मेजर अब्दुल रफी खान यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी तेही पडले. एक पारशी, एक ज्यू, एक मुसलमान, आणि त्यांच्या हाताखाली हिंदू-शीख जवान. एका खेड्याच्या शिवारात, दोन दिवसांत. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

तारापोरांच्या मृत्यूनंतर पूना हॉर्स फुटली नाही. त्यांच्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात याची खास नोंद आहे, की ते पडल्यावरही रेजिमेंट शत्रूला तोंड देत राहिली. या सहा दिवसांत पाकिस्तानचे सुमारे साठ रणगाडे निकामी झाले आणि पूना हॉर्सने नऊ गमावले, असंही त्यात नमूद आहे. युद्धातले आकडे दोन्ही बाजूंना वेगवेगळे सांगितले जातात, ते सोडून देऊ. शांततेच्या काळात केलेल्या सरावाचं चीज झालं, एवढं मात्र त्यातून दिसतं.

त्यांच्या इच्छेप्रमाणे अग्निसंस्कार रणांगणावरच झाला. धूर दिसला की तोफा डागल्या जाणार, हे माणसांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी चिता पेटवली.

गाव परत गेलं. मग उरलं काय?

आता एक अवघड प्रश्न. तो टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही.

चविंडा भारताला घेता आलं नाही. ज्या पायदळाच्या हल्ल्यासाठी तारापोरांनी ती दोन गावं धरून ठेवली होती, तो हल्ला वेळेवर झाला नाही, आणि झाला तेव्हा यशस्वी ठरला नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद करार झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांचा जिंकलेला मुलूख परत केला. फिल्लोरा परत गेलं. जिथे चिता पेटली ती जमीनही परत गेली.

मग एवढं सगळं कशासाठी? कॉलेजच्या वयात हा प्रश्न पडलाच पाहिजे. युद्ध कधी करायचं, किती ताणायचं, काय परत द्यायचं, हे कर्नल ठरवत नाही. ते दिल्लीत आणि इस्लामाबादेत ठरतं. कर्नलच्या हातात असतात त्याची पंचेचाळीस यंत्रं आणि त्यातली माणसं. ती माणसं त्याच्याकडे पाहून पुढे जातात किंवा थांबतात. तारापोरांनी जे कमावलं ते नकाशावर सापडणार नाही. ते त्या माणसांत होतं.

सहा वर्षांनी त्याचा पुरावा मिळाला. डिसेंबर १९७१. खडकवासल्याच्या एनडीएतून शिकलेला, पूना हॉर्समध्ये नुकताच दाखल झालेला आणि अहमदनगरला कोर्स अर्धवट सोडून आघाडीवर आलेला एक एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. नाव अरुण खेत्रपाल. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्याचा रणगाडा पेटला. बाहेर पडायची सूचना मिळाली, पण तोफ चालते आहे म्हणून तो आतच राहिला आणि तिथेच कामी आला. त्यालाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एकाच रेजिमेंटला, पुन्हा तोच सन्मान. खेत्रपालने तारापोरांना पाहिलेलंही नव्हतं. पण ज्या रेजिमेंटमध्ये तो आला, तिथे साहेब जखमी होऊनही मागे गेले नाहीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नव्या पोराला एवढं पुरतं.

आज दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात तारापोरांचा अर्धपुतळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली गेली, त्यातलं एक तारापोर द्वीप. ही बेटं लांब आहेत. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जवळ आहे. पुढच्या सुट्टीत ग्रुपने भटकायला निघालात तर तिथे जा. सेंच्युरियनसमोर उभे राहा आणि वरचं झाकण बघा. एवढ्याशा जागेतून अर्धं अंग बाहेर काढून, दुखऱ्या दंडाने, तो माणूस सहा दिवस उभा होता.